दहा सेकंदांची मुदत

सहलीचा छायाचित्रसंग्रह चाळू लागले म्हणजे त्यात एक माणूस बहुधा कोठेच आढळत नाही, आणि तो असतो छायाचित्रे टिपणारा; आजी, आत्या, कडेवरचे मूल सारी हजर असतात, परंतु ज्याने ही हजेरी घेतली त्याचीच नोंद त्या दप्तरात राहून जाते. या उणिवेची तजवीज कॅमेरा बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच केली आहे. फिल्मच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना दर्शनी बाजूस एक लहानशी दांडी असे; ती फिरवून ताणली आणि कळ दाबली की ती खरखरत पूर्वस्थळी परते व मग झडप उघडे. डिजिटल कॅमेऱ्यात हेच काम विद्युत्मंडल करते, आणि घड्याळाची खूण निवडली की बहुधा 10 व 2 सेकंदांच्या दोन मुदती मिळतात.

10 सेकंदांत आपली जागा गाठता येते. खरी अडचण आहे ती फोकसची. पुष्कळ कॅमेरे फोकस ठरवतात तो कळ दाबण्याच्या वेळी, झडप उघडण्याच्या वेळी नव्हे; त्यामुळे एकट्यानेच स्वतःचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्याने रिकाम्या अंगणाकडे रोख धरून कळ दाबली, तर भिंतीचा पोपडा न् पोपडा रेखीव उमटतो आणि माणूस मात्र धूसर येतो. म्हणून आपण उभे राहणार तेथे आधी खुर्ची ठेवावी, कळ अर्धी दाबून तिच्या पाठीवर फोकस घ्यावा, तो हस्तचलित करून कायम ठेवावा, आणि मग खुर्ची काढून घ्यावी. मंडळी आधीच बसलेली असल्यास त्यांच्यापैकी एखाद्याच्या चेहऱ्यावर फोकस घेऊन त्याच रांगेत जाऊन बसले की भागते. कळ दाबताना भिंगासमोर उभे राहू नये, हे ओघानेच आले. आरशाच्या कॅमेऱ्यात आणखी एक खबरदारी जरूर आहे: डोळा बाजूला झाला की पाहण्याच्या खिडकीतून मागचा उजेड आत शिरतो, प्रकाशमापन फसते आणि छायाचित्र काळवंडते; काही कॅमेऱ्यांच्या पट्ट्याला रबरी झाकण अडकवलेले असते, ते याच खिडकीसाठी.

माझ्या मते मात्र या सोयीचे अधिक मोल 2 सेकंदांच्या मुदतीत आहे, आणि तिच्याकडेच लोकांचे दुर्लक्ष होते. त्रिपुरी पौर्णिमेला उजळलेली दीपमाळ टिपायची तर झडप अर्धा-एक सेकंद उघडी ठेवावी लागते, आणि अशा वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवलेला असला तरी बोटाच्या दाबाने त्याला जो सूक्ष्म हिसका बसतो तेवढ्याने ज्योतींच्या कडा फिसकटतात. मुदत लावली म्हणजे बोट निघून गेल्यावर ते कंपन विरायला अवकाश मिळतो, आणि जवळ ट्रायपॉड नसला तरी देवळाच्या कट्ट्यावर घडी केलेल्या उपरण्यावर कॅमेरा टेकवून काम साधते. भिंगात कंपनरोधक सोय असल्यास ट्रायपॉडवर ती बंद ठेवावी, कारण काही जुन्या भिंगांत ती नसलेले कंपन सावरू पाहते आणि स्वतःच चित्र हलवते.