भांडवल घालण्याआधी बी तपासा : डार्विनची पद्धत आपल्या धंद्यात



"जो तगडा तोच टिकतो, डार्विननं सांगितलंय!" हे वाक्य धंद्याच्या भाषणात हमखास ऐकू येतं. पण ते अर्धवट आहे. 'सर्वाइव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द मुळात हर्बर्ट स्पेन्सरचे, 1864 सालचे. डार्विननं ते नंतर उचलले. आणि त्यांचा अर्थ तगडा असा नाही, तर परिस्थितीशी जुळणारा असा आहे.

आज आपण डार्विनचं वाक्य बाजूला ठेवू आणि त्याची काम करायची पद्धत बघू. ती पद्धत आपल्या लातूर-नांदेडचे शेतकरी पेरणीआधी वापरतात.

गोणपाटावरचं विज्ञान

घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर आधी 100 दाणे मोजून घेतात. ओल्या गोणपाटावर ओळीनं ठेवतात, गुंडाळतात, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहतात. सहा-सात दिवसांनी उघडून मोजतात. 70 किंवा जास्त उगवले तर बी पेरायला चांगलं. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर बी बदलायचं. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला होता. तेव्हा या 100 दाण्यांची किंमत सगळ्यांना कळली.

आता 1855 सालात जाऊ. लंडनजवळच्या डाऊन गावात डार्विन एका प्रश्नावर अडला होता. दूरच्या बेटांवर झाडं पोचली कशी? समुद्राच्या पाण्यात बी मरतं, असं तेव्हा बऱ्याच जाणकारांना वाटायचं. डार्विननं वाद घातला नाही. खाऱ्या पाण्यात बिया भिजत घातल्या आणि नंतर पेरून बघितल्या. 87 प्रकारांपैकी 64 प्रकार 28 दिवसांनंतरही उगवले! खर्च किती? बाटल्या, मीठ, पाणी आणि धीर.

कल्पना आल्या कुठून?

डार्विनची कल्पना आभाळातून पडली नाही. लायेल या भूशास्त्रज्ञाच्या पुस्तकातून त्यानं घेतलं, की रोजचे बारीक बदल साठत गेले की डोंगर-दऱ्या घडतात. 1838 मध्ये माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला. त्यातून कळलं, की खाणारी तोंडं अन्नापेक्षा वेगानं वाढतात, म्हणून टिकण्यासाठी ओढाताण होते. म्हणजे एक धडा दगडांचा, दुसरा अर्थशास्त्राचा!

तिसरा धडा त्यानं कबुतरं पाळणाऱ्यांकडून घेतला. तो लंडनमधल्या त्यांच्या क्लबांत जाऊन बसायचा, स्वतः कबुतरं पाळायचा. हवा तो गुण निवडत गेलं की काही पिढ्यांत जात कशी बदलते, हे त्याला ती माणसं सांगायची.

अशी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. लातूर जिल्ह्यातल्या देवणीची देवणी गाय, नांदेडच्या कंधारची लाल कंधारी, या जाती पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत राखल्या. देवणीत वानेरा, शेवेरा, बालंक्या असे प्रकार रंगावरून ओळखणारी माणसं हाळी हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत आजही भेटतात. तुमच्या धंद्याचं ज्ञानही असंच बाजारात उभं आहे. भाजीवाला, ट्रान्सपोर्टवाला, जुना गिऱ्हाईक, सगळ्यांना विचारा. पण ऐकलेलं लगेच खरं मानू नका. तपासा.

गाडीवर प्रयोग कसा करायचा?

समजा, लातूरच्या ट्यूशन एरियात तुमची पोहे-सुशीलाची गाडी आहे. गल्ला कमी झालाय. कुणी म्हणतं भाव जास्त, कुणी म्हणतं शेजारी नवी गाडी आली, कुणी म्हणतं नजर लागली. तुम्हाला वाटतं, हाफ प्लेट सुरू केली तर पोरं वाढतील. आणि तसं झालं तर कर्ज काढून दुसरी गाडी टाकायची. थांबा! आधी गोणपाट ओला करा.

1. अंदाज लिहा, आकड्यासकट. "हाफ प्लेटमुळे रोजची निव्वळ शिल्लक सरासरी किमान 100 रुपयांनी वाढेल." नाही वाढली तर कल्पना सोडायची, हेही आधीच लिहा. नंतर मन पळवाटा शोधतं.

2. एका वेळी एकच बदल. हाफ प्लेट, नवी चटणी आणि नवा बोर्ड एकदम आणलं तर कशानं फरक पडला, ते कळणार नाही.

3. तुलना ठेवा. हाफ प्लेट दिवसाआड द्या, 28 दिवस. आठवड्याचे दिवस सात, म्हणून प्रत्येक वार दोनदा हाफ प्लेटसह येतो आणि दोनदा हाफ प्लेटशिवाय. रविवारची सुट्टी, सोमवारची गर्दी दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. आणि नीटची परीक्षा संपून पोरं गावाकडं गेली तर गल्ला तसाही पडणार. तो दोष हाफ प्लेटचा नाही.

4. गल्ला नको, शिल्लक मोजा. फुल प्लेटवाले हाफवर आले तर गर्दी वाढूनही खिसा हलका होतो.

5. उलटी नोंद आधी. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की डार्विन ती लगेच टिपून ठेवायचा. कारण अशी गोष्ट मन सगळ्यात लवकर विसरतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तुम्हीही "छान आहे" म्हणणाऱ्या दहा जणांआधी, प्लेट अर्धी टाकून गेलेला एक जण लिहा.

28 दिवसांनी शिल्लक वाढली नाही, तर वाईट वाटेल. पण तुमचे 28 दिवस गेले आणि थोडा माल गेला. कर्ज काढून गाडी टाकली असती, तर हप्ता वर्षानुवर्षं भरावा लागला असता. माल्थस वाचल्यापासून पुस्तक बाजारात येईपर्यंत, म्हणजे 1838 ते 1859, डार्विननं एकवीस वर्षं पुरावे जमवले. आपण एक महिना तर थांबू शकतो ना?

आजचं काम : एक वही घ्या. पहिल्या पानावर तुमच्या धंद्याबद्दलची एक खात्रीची समजूत लिहा. खाली लिहा, "ही चुकीची असेल तर मला काय दिसेल?" उत्तर सापडलं की उद्यापासून ते शोधायला लागा.