बेडोक रेस्ट हाउस: समुद्र दूर गेलेलं हॉटेल

चांगी विमानतळावरून सिंगापूर शहराकडे येणारी टॅक्सी ईस्ट कोस्ट पार्कवेला लागते, तेव्हा डाव्या हाताला झाडांच्या आड समुद्र असतो. पण साठ वर्षांपूर्वी हा रस्ताही समुद्रच होता. जुना किनारा उजवीकडे, बराच आत, अप्पर ईस्ट कोस्ट रोडच्या कडेने जायचा. बेडोक रोड जिथे पाण्यापाशी येऊन संपायचा, त्या बेडोक कॉर्नरच्या परिसरात बेडोक रेस्ट हाउस होतं.

इंग्रजी अमलात मलायात जागोजागी अशी रेस्ट हाउस होती. आपल्याकडच्या डाकबंगल्यांसारखीच त्यांची तऱ्हा. फिरतीवरचे अंमलदार उतरायचे, जेवणखाण तिथेच व्हायचं. स्वयंपाकी बहुतेक वेळा हैनान बेटावरून आलेला चिनी असायचा. बेडोकला एक जास्तीची गोष्ट होती, ती म्हणजे दारातला समुद्र. मलय कोळ्यांच्या वस्त्या, नारळाच्या बागा आणि लांबच लांब वाळू. शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी वारा खायला इकडे यायची.

या किनाऱ्याने फार वाईट दिवसही पाहिले. इंग्रजांना हल्ला समुद्राकडून होईल अशी धास्ती होती, जपानी सैन्य आलं ते उत्तरेकडून, जोहोरची सामुद्रधुनी ओलांडून. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि पुढच्या काही आठवड्यांत हजारो चिनी पुरुषांना वेचून मारण्यात आलं. सिगलाप, तानाह मेराह, चांगी ही पूर्व किनाऱ्यावरची ठिकाणं त्या हत्याकांडाशी कायमची जोडली गेली आहेत. वीस वर्षांनी, १९६२ मध्ये, सिगलापच्या जमिनीतून मृतांची हाडं निघाली.

युद्ध संपून वर्ष होतं न होतं तोच, १९४६ मध्ये, बेडोक रेस्ट हाउसमध्ये 'लाँग बीच' हे उपाहारगृह सुरू झालं. समोरच्या किनाऱ्याचंच नाव त्याने घेतलं. रेस्ट हाउसची कीर्ती इथून पुढे मुक्कामापेक्षा जेवणावर उभी राहिली. १९५९ मध्ये आपण काळी मिरी घालून केलेला खेकडा पहिल्यांदा वाढला, असं लाँग बीच सांगतं. आज सिंगापूरला येणारा खवय्या हा पदार्थ खाल्ल्याशिवाय परतत नाही. त्यात वापरतात तो दलदलीतला खेकडा म्हणजे कोकणातल्या खाडीतली आपली चिंबोरीच, पण कालवण मात्र नाही. जाडसर कुटलेली मिरी, लसूण आणि लोणी कढईत परततात, त्यात कवचासकट तोडलेले तुकडे घोळवतात. मिरीचा काळा लेप नांग्यांच्या खाचाखोचांत बसतो. हातांनी कवच फोडताना तो बोटांना लागतो आणि आतला पांढरा, गोडसर गर तोंडात जाईपर्यंत ओठ झोंबायला लागलेले असतात.

अप्पर ईस्ट कोस्ट रोडवरच पुढे 'पाम बीच' आलं. सिंगापूरच्या चिली क्रॅबचं श्रेय ज्यांना दिलं जातं, त्या चेर याम तियान यांचं ते उपाहारगृह. १९५०च्या दशकात हातगाडीपासून त्यांनी सुरुवात केली होती. सिंगापूरचे दोन सर्वांत गाजलेले खेकडे एकाच किनारपट्टीवर नावारूपाला आले, कारण समुद्राकाठी बसून खायला लोक इथे येत होते.

मग तो समुद्रच हलवला गेला. एप्रिल १९६६ मध्ये ईस्ट कोस्टच्या भरावाचं काम सुरू झालं. बेडोक आणि सिगलापच्या टेकड्या कापून त्यांची माती मैलोगणती लांबीच्या सरकत्या पट्ट्यांवरून किनाऱ्याला आणली गेली. सात टप्पे, जवळजवळ वीस वर्षं आणि १५०० हेक्टरहून जास्त नवी जमीन. घरांची टंचाई असलेल्या त्या छोट्या देशाला या जमिनीची गरज होती, यात शंका नाही. मरीन परेड ही वसाहत, ईस्ट कोस्ट पार्क, विमानतळाकडे जाणारा महामार्ग, सगळं त्या भरावावर आहे. टेकड्या सपाट झालेल्या बेडोकमध्ये नवं नगर वसलं. तिथे आज पावणेतीन लाखांच्या आसपास माणसं राहतात. वाळूच्या जुन्या खाणीच्या जागी १९८६ मध्ये बेडोक जलाशय झाला.

रेस्ट हाउसच्या पुढ्यातली लाट मात्र गेली, आणि तिच्यासोबत त्या इमारतीचं कामही गेलं. पुढे ती पाडण्यात आली. मला याचं वाईट वाटतं, कारण हे अटळ नव्हतं. शहरातलं रॅफल्स हॉटेल १८८७ मध्ये सुरू झालं तेव्हा तेही समुद्रासमोरच होतं. भरावाने त्याच्यापासूनही समुद्र दूर नेला, तरी १९८७ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक ठरलं. रॅफल्समध्ये राजेरजवाडे आणि लेखक उतरत. बेडोकला साधी कुटुंबं मुलाबाळांना घेऊन जेवायला येत, आणि माझ्या लेखी त्या आठवणीचं मोल तसूभरही कमी नाही.

लाँग बीच टिकलं. १९८०च्या दशकात ईस्ट कोस्ट पार्कमध्ये सीफूड सेंटर उभं राहिलं, तिथे त्याने बस्तान बसवलं. म्हणजे रेस्ट हाउसच्या व्हरांड्यातून जिथे पाणी दिसायचं, तशाच जागेवर आता त्याची टेबलं आहेत.

पाहायचं असेल तर तानाह मेराह स्थानकावरून बेडोक कॉर्नरला पायी जाता येतं. तिथल्या फूड सेंटरमध्ये मलय आणि चिनी पदार्थ मिळतात. खाऊन झालं की दक्षिणेकडे निघायचं आणि जुना किनारा ते आजचं पाणी हे अंतर पायांनी मोजायचं: घरं, महामार्ग, बाग ओलांडत किलोमीटरभर तरी चाल होते. बेडोक जेट्टीवर पोहोचलात की गळ टाकून बसलेली माणसं दिसतील. त्यांच्यात एखादे साठी-सत्तरीतले आजोबा असतील तर रेस्ट हाउसबद्दल जरूर विचारा.