शुक्रवार की मंगळवार?

माझी भाची सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून पायथॉन शिकायला घेतलं. पायथॉन म्हणजे अजगर नव्हे हं! कॉम्प्युटरला कामं सांगायची ती एक भाषा आहे. नेदरलँड्सच्या गुइडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली जगापुढे आणली. या भाषेचं सुख असं, की एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं आणि उत्तर हजर.

पायथॉनकडे ‘डेटटाइम’ नावाची एक पेटी आहे. तारखा आणि वेळा यांची सगळी अवजारं तिच्यात. पेटी उघडली की ‘डेट’ लिहायचं, कंसात वर्ष, महिना आणि दिवस द्यायचे, पुढे एक टिंब, मग ‘वीकडे’ हा शब्द आणि शेवटी एक रिकामा कंस. त्या तारखेला कोणता वार होता ते कॉम्प्युटर सांगतो. पण नावाने नाही, आकड्याने. सोमवारला ०, मंगळवारला १, असं करत रविवारला ६. शून्यापासून मोजायची ही सवय आपल्याला सुरुवातीला फार चकवते. १ दिसला की सोमवारच वाटतो.

भाचीने आधी स्वतःची जन्मतारीख घातली, मग आजीची. मग १५ ऑगस्ट १९४७. उत्तर आलं ४, म्हणजे शुक्रवार. बरोबर! १ मे १९६०, महाराष्ट्र राज्य झालं तो दिवस. उत्तर ६, म्हणजे रविवार. तेही बरोबर!

“मामा, आता शिवाजी महाराजांचा जन्मवार काढूया,” ती म्हणाली आणि तिने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख घातली.

उत्तर आलं १. मंगळवार.

मी खुर्चीत सरसावून बसलो. कारण जेधे शकावली नावाची एक फार मोलाची जुनी नोंदवही आहे. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात ती जपली गेली. कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडलं याच्या नोंदी तिच्यात आहेत. शिवजन्माचा दिवस तिच्यात असा आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, वार शुक्रवार.

“मग चुकलं कोण? वही की कॉम्प्युटर?” भाचीचे डोळे मोठे झाले होते.

तुम्हीही जरा थांबा. पुढचं वाचण्याआधी तुमचा कौल मनात ठरवून ठेवा.

आधी कॉम्प्युटरची झडती घेऊ. तो वार कसा काढतो? त्याच्याकडे जुन्या पंचांगांची थप्पी नसते. तो फक्त दिवस मोजतो. इसवी सन १ च्या १ जानेवारीला तो ‘दिवस क्रमांक १’ धरतो आणि तिथून प्रत्येक दिवसाला पुढचा क्रमांक देत येतो. १५ ऑगस्ट १९४७ हा त्याच्या हिशेबात ७१०९८८ वा दिवस. याला ७ ने भागा. बाकी किती उरते? ५. बाकी १ उरली तर सोमवार, २ उरली तर मंगळवार, ५ उरली तर शुक्रवार आणि काहीच उरली नाही तर रविवार. महाराष्ट्र दिनाचा क्रमांक ७१५६३१. भागून बघाच, बाकी शून्य येते.

आता १९ फेब्रुवारी १६३०. क्रमांक ५९५०३०. सातने भागल्यावर बाकी २. मंगळवार. हिशेबात खोट नाही. म्हणजे गडबड असेल तर ती तारखेतच असली पाहिजे. ती शोधायला आधी कॅलेंडर कसं घडलं ते पाहू.

पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला ३६५ दिवस आणि साधारण पावणेसहा-सहा तास लागतात. रोमच्या ज्युलियस सीझरने जे कॅलेंडर लावलं, त्यात हे वरचे तास पुरते सहा धरले होते आणि म्हणून दर चौथं वर्ष लीप. पण खरी फेरी सहा तासांपेक्षा सुमारे ११ मिनिटांनी कमी. वर्षाला ११ मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? पण १२८ वर्षांत त्यांचा अख्खा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत कॅलेंडर आणि सूर्य यांच्यात १० दिवसांची फट पडली. दिवस-रात्र समान असतात तो २१ मार्चचा दिवस कॅलेंडरवर ११ मार्चला येऊ लागला.

मग १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दुरुस्ती केली. त्या वर्षी रोममध्ये लोक गुरुवारी ४ ऑक्टोबरला झोपले आणि सकाळी उठले तेव्हा शुक्रवार होता, पण तारीख होती १५ ऑक्टोबर! मधल्या १० तारखा गाळून टाकल्या. शिवाय पुढे फट पडू नये म्हणून नियम केला: शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं.

वाराकडे लक्ष गेलं का तुमचं? तारखा दहा गेल्या, पण गुरुवारनंतर शुक्रवारच आला. वाराची माळ तुटली नाही. मला या सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. राजे बदलले, पोप बदलले, कॅलेंडरं बदलली, पण वार आपले एकामागून एक येतच राहिले.

ही नवी पद्धत सगळ्यांनी एकदम मानली नाही. पोर्तुगीजांनी ती लगेच घेतली. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुनंच कॅलेंडर वापरत राहिले. आता डोळे मिटा आणि १६३० सालात या. शिवनेरीवर शिवबाचा जन्म झाला, त्या दिवशी सुरतेच्या वखारीतला इंग्रज आपल्या वहीत लिहिणार १९ फेब्रुवारी. आणि त्याच दिवशी गोव्यातला पोर्तुगीज लिहिणार १ मार्च! (इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागायचं. त्यामुळे सुरतेत सालसुद्धा अजून १६२९ च होतं.) तारखा दोन, पण सूर्योदय एक आणि वारही एकच. शुक्रवार.

आपण शिवजन्माची जी १९ फेब्रुवारी ही तारीख सांगतो, ती जुन्या कॅलेंडरातली आहे. पायथॉनला जुनं कॅलेंडर ठाऊकच नाही. आजचा ग्रेगरीचा नियम घेऊन तो थेट इसवी सन १ पर्यंत मागे मोजत जातो. रोमने जी तारीख गाळून टाकली, ती १० ऑक्टोबर १५८२ त्याला विचारा. तो बिनदिक्कत रविवार सांगेल.

“मग त्याला १ मार्च देऊन बघू?” भाचीने विचारलं आणि माझ्या उत्तराआधीच टाइप केलं: १६३०, ३, १. एंटर.

पडद्यावर आलं ४. शुक्रवार!

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. कुणीतरी बोरूने लिहून ठेवलेला वार आणि लॅपटॉपने भागाकार करून काढलेला वार तंतोतंत जुळले. क्रमांक ५९५०४०, बाकी ५. वही बरोबर होती आणि कॉम्प्युटरही. आपण त्याला तारीख एका कॅलेंडरातली दिली होती आणि तो वाचत होता दुसऱ्या.

वेळेचंही असंच असतं. पुण्यात रात्रीचे बारा वाजून तुमचा वाढदिवस लागतो, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या मावशीकडे आदला दिवसच चालू असतो. क्षण एकच, तारखा दोन. म्हणून बहुतेक कॉम्प्युटर आतल्या आत फक्त सेकंद मोजत बसतात, १९७० सालच्या १ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून. ही मध्यरात्र ग्रिनिचची बरं का! आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. नुसतं ‘साडेपाच’ म्हटलं तर कुठले, हे कसं कळणार? आपल्याच देशात १९०६ साली सगळ्यांसाठी एक वेळ ठरली, तरी मुंबईत पुढे कितीतरी वर्षं ३९ मिनिटं मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ वापरात होता. ठिकाण न सांगितलेल्या वेळेला पायथॉनमध्ये ‘नाइव्ह’ म्हणतात, म्हणजे भोळी. ठिकाण सांगितलं की ती होते ‘अवेअर’, म्हणजे जाणती. किती नेमके शब्द निवडलेत! तारखेसाठी मात्र पायथॉनच्या पेटीत अशी सोय नाही. तारीख कोणत्या कॅलेंडरातली आहे, याची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते.

आता एक गंमत, माझ्या भाचीनेच शोधलेली. ग्रेगरीच्या नियमाने ४०० वर्षांत बरोबर १४६०९७ दिवस होतात. याला ७ ने भागून बघा. बाकी काहीच उरत नाही! म्हणजे दर ४०० वर्षांनी तारखा आणि वार पुन्हा जसेच्या तसे जुळतात. शिवजन्माला २०३० साली ४०० वर्षं होतील. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरात १ मार्चचा चौकोन आठवणीने बघा. त्या दिवशीही शुक्रवारच असेल.