फायबरची होडी : समज, गैरसमज आणि उजनीचं पाणी

केम म्हटलं की कुंकू आठवतं, नाहीतर पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन. समुद्र इथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून लांब. तरी होड्यांचा विषय इथल्या माणसाला परका नाही, कारण केम ज्या करमाळा तालुक्यात येतं त्याच्या कडेनं उजनीचा जलाशय पसरलेला आहे आणि त्यात मासेमारीच्या, प्रवाशांच्या होड्या चालतात. त्यांच्याबद्दल जे ठामपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. ते तपासायचं तर जगाला प्रदक्षिणा घालून आलेल्या शिडाच्या बोटी कशा बांधतात, तेच पाहावं.

पहिला समज असा की फायबर म्हणजे साधं प्लास्टिक. तसं ते नाही. त्यात काचेचे केसासारखे बारीक धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन असतं. ताण काच सोसते; रेझिन तिला जागेवर ठेवतं आणि भार एका धाग्यावरून दुसऱ्यावर पोचवतं. कारखान्यात आधी बोटीच्या आकाराचा साचा करतात, त्याला आतून मेण लावतात आणि त्यावर जेलकोटचा थर देतात. बाहेरून दिसणारा गुळगुळीत रंग तोच. मग हार्डनर मिसळलेल्या रेझिनमध्ये भिजवलेली काचधाग्यांची मॅट आणि विणलेलं काचकापड थरावर थर बसवत जातात. प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढावे लागतात. बोटीचं आयुष्य इथं ठरतं. बुडबुडा राहिला, हार्डनर कमी-जास्त पडला, थर कोरडा राहिला, तर वरून चकचकीत दिसणारी बोट आतून कच्ची असते, आणि ते रंग पाहून कळत नाही.

‘जितकी जाड तितकी मजबूत’ हेही अर्धंच खरं. पत्र्याची जाडी दुप्पट केली की त्याचा ताठपणा आठपट होतो, पण सगळी जाडी काचेनंच भरली तर वजन अवाच्या सवा वाढतं. म्हणून बाहेर आणि आत काचेचा थर आणि मधे हलक्या लाकडाचा किंवा फोमचा गाभा, अशी रचना करतात. भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची बोट अशीच आहे. मधे सिडार लाकडाच्या पट्ट्या, दोन्ही अंगांनी काच आणि इपॉक्सी रेझिन.

अशा बोटी परदेशातच होतात, असं कुणाला वाटत असेल तर म्हादेईचा पत्ता सांगायला हवा. मांडवी नदीतलं दिवाडी बेट, गोवा. आराखडा डच, ‘व्हॅन डे स्टाट’ या संस्थेचा. बांधणी रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डची. 2009 च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलीप दोंदे तिला घेऊन एकटे मुंबईहून निघाले आणि 2010 च्या मे महिन्यात जगप्रदक्षिणा पुरी करून परतले. एकट्यानं असं करणारे ते पहिले भारतीय. पुढं अभिलाष टॉमी याच बोटीनं कुठंही न थांबता फिरून आले, 1 नोव्हेंबर 2012 ते 31 मार्च 2013. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ याच शिपयार्डात बांधली गेली. 2017-18 मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी नौदल अधिकारी तिच्यावरून पृथ्वीला वळसा घालून आल्या. या सगळ्यांच्या आधी 1985 ते 1987 या काळात लष्कराच्या इंजिनिअरांनी ‘तृष्णा’ या फायबरच्या बोटीनं भारताची पहिली शिडाची जगप्रदक्षिणा केली होती. ती बोट मात्र नवी नव्हती, वापरलेली विकत घेतलेली होती.

बोट कलली की उलटणार, ही भीती मात्र नीट समजून घ्यायला हवी. कारण ती एका बोटीबाबत चूक आणि दुसऱ्या बोटीबाबत बरोबर असते. सागरी शिडाच्या बोटीच्या बुडाखाली कील असते आणि तिच्यात शिसं किंवा लोखंड भरलेलं असतं. जुन्या धाटणीच्या ‘रसलर 36’ या फायबरच्या बोटीचं वजन साडेसात टनांच्या आसपास. त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग निव्वळ हे खालचं वजन. बोट कलेल तसं ते वजन बाजूला उचललं जातं आणि तिला सरळ करायला ओढतं, पाडली तरी उठून बसणाऱ्या बाहुलीसारखं. 2018 मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्यानं करायच्या जगप्रदक्षिणेच्या स्पर्धेत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात टॉमींची लाकडी बोट ‘तुरीय’ पुरती फिरली, डोलकाठ्या मोडल्या, ते स्वतः जबर जखमी झाले. पण बोट पुन्हा सरळ झाली आणि मदत येईपर्यंत तरंगत राहिली. याच स्पर्धेच्या पुढच्या खेपेला, 2023 मध्ये, ते रसलर 36 मधून दुसरे आले. एक बोट लाकडाची, दुसरी फायबरची. दोन्हींना तारणारी गोष्ट तळाशी होती.

शिडाची बोट वारा नेईल तिकडंच जाते, हाही समज सोडायचा. शीड पंखासारखं काम करतं, कील बोटीला आडवं सरकू देत नाही, आणि वाऱ्याला साधारण 45 अंश तिरकं धरून नागमोडी वाटेनं ती वाऱ्याच्या दिशेनंच पुढं जाते.

फायबर कधी खराब होत नाही, असं विकणारे सांगतात. ते कुजत नाही, गंजत नाही, हे खरं. पण उन्हानं जेलकोट खडूसारखा पांढरा पडतो. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या बुडावर ओलावा आत शिरून फोड येतात. ते सोलून, वाळवून, इपॉक्सीनं पुन्हा लिंपावे लागतात. स्क्रूची भोकं नीट बंद केली नाहीत तर आतलं लाकूड गुपचूप कुजतं.

आता सर्वांत घातक समज : ‘फायबरची होडी बुडत नाही.’ काच आणि रेझिनचा थर पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो. आत हवेचे बंद कप्पे किंवा फोम नसेल तर पाणी भरलेली फायबरची होडी सरळ तळाला जाते. शिवाय जलाशयातल्या उथळ, रुंद होडीला कील नसते. ती पाय ठेवताना स्थिर वाटते, कारण तिचं स्थैर्य रुंदीतून येतं. पण एका मर्यादेपलीकडं कलली, किंवा सगळे प्रवासी घाबरून एका बाजूला झाले, की तिला परत उभं करणारं खाली काहीच नसतं. 21 मे 2024 ला करमाळ्यातल्या कुगाव आणि इंदापूरच्या कळाशीदरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला.

म्हणून उजनीत होडीत बसण्याआधी ती कशाची आहे हे विचारू नका. आत फोम किंवा बंद कप्पे आहेत का, माणसं किती घेणार, हे विचारा. आभाळ भरून आलं असेल तर थांबा, आणि लाइफ जॅकेट अंगावर बांधल्याशिवाय काठ सोडू नका.