रापणीचा दोर आणि मिस्सेची वेदी

गोव्याच्या पेडणे महालातील हरमल गावच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेल्या त्या प्रचंड जाळ्याचे दोन्ही दोर पुळणीवरच्या माणसांच्या हाती येतात, आणि वाळूत टाचा रोवून, एका लयीत मागे सरकत, सारी मंडळी ते जाळे तसूतसूने काठाकडे आणते. मासळीचे वाटे रिवाजाप्रमाणे होतात. परंतु दोराला नुसता हात लावून उभा राहिलेला कोण आणि अंगातले सारे बळ पणाला लावणारा कोण, ह्याची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. कामचुकाराचा भार शेजाऱ्याच्या खांद्यावर जाऊन पडतो, एवढेच.

मनुष्याच्या श्रमांतील ह्या अदृश्य भागावरच ख्रिस्ती धर्माची नजर आहे. धन्याचे लक्ष असेल तेवढ्यापुरते राबू नये, जे करावयाचे ते प्रभूसाठी म्हणून जिवाभावाने करावे, असा उपदेश संत पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात, तिसऱ्या अध्यायात आहे; आणि विशेष हे की, ज्यांना वारसाहक्क ठाऊकच नव्हता अशा गुलामांना तो उद्देशून असून, त्यांनाच तेथे वारशाचे आश्वासन दिलेले आहे. स्वतः पौल तंबू करण्याचा धंदा करी. येशूला त्याचे गाववाले सुतार म्हणून ओळखत. आणि याकोब व योहान ह्यांना त्याची हाक आली, तेव्हा ते होडीत बसून जाळी नीट करीत होते. मिस्सेत वेदीवर ठेवलेल्या भाकरीबरोबर आणि द्राक्षरसाबरोबर ती सिद्ध करणाऱ्या हातांचे श्रमही अर्पण होतात. म्हणून हरमलच्या माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये रविवारी गुडघे टेकणाऱ्या भाविकाने सोमवारी फाटके जाळे विणताना शेवटची गाठही घट्ट मारावी, हा त्याच उपासनेचा उत्तरार्ध होय.

ह्या निष्ठेचे गोमंतकातील ठळक उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली येथे आलेल्या ह्या इंग्रज जेज्विटाचे कामापुरती भाषा शिकून भागले असते. परंतु त्याने मराठीचा व्यासंग असा चिकाटीने केला की, सुमारे ११,००० ओव्यांचे त्याचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६१९ साली तो निवर्तला, तेव्हा ह्या भूमीवर त्याची चाळीस वर्षे खर्ची पडली होती.

मात्र ह्या शिकवणुकीचा कोणी चाबूक करू नये. त्याच पत्रात, गुलामांना केलेल्या उपदेशापाठोपाठ, धन्यांनाही ताकीद आहे की त्यांनी न्यायाने व समतेने वागावे, कारण त्यांचाही धनी स्वर्गात आहे. आणि विसावा तर दहा आज्ञांपैकी एका आज्ञेनेच सांगितलेला आहे. १९७० नंतरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगतची मासळी ओढून नेऊ लागले, तेव्हा गोव्यातील रापणकारांनी मातानी साल्ढाणा आदींच्या नेतृत्वाखाली लढा दिला, आणि १९८० साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. मन लावून कष्ट करणाराने आपल्या हक्काविषयी मुके राहावे, असे धर्म सांगत नाही. राबणाऱ्याने काम चोख करावे, तसा राबवून घेणाऱ्यानेही मोबदला चोख द्यावा. आज हरमलच्या हॉटेलांत, दुकानांत आणि बांधकामांवर परगावचे मजूर राबतात, आणि त्यांची मजुरी वेळच्या वेळी हाती पडते की नाही, ह्यावर ख्रिस्ती धन्याच्या श्रद्धेची पारख होते.