सह्याद्रीची पर्जन्यछाया

पाऊस कुठे, किती? (वार्षिक सरासरी, सुमारे)
• महाबळेश्वर : ५,५०० मिमीहून अधिक
• पाचगणी : १,८०० मिमी
• माण तालुका : ५०० मिमी
हे तिन्ही भाग सातारा जिल्ह्यातलेच. महाबळेश्वर ते पाचगणी अंतर जेमतेम वीस किलोमीटर.

असे का? अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. उंचीवर हवा थंड होते, बाष्पाचे सांद्रीभवन होते आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस कोसळतो. पूर्वेकडे उतरताना हीच हवा तापते. तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि पाऊस ओसरतो. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश.

पीक आणि घर : कोकणात भात आणि उतरत्या छपरांची कौलारू घरे, माणदेशात बाजरी, ज्वारी आणि धाब्याची, मातीच्या सपाट छताची घरे.

मेंढरांची वाट : पावसाळा संपला की पठारावरचे अनेक धनगर कळप घेऊन घाट उतरतात. कोकणात भातकापणी झालेल्या शेतात रात्री मेंढरे बसवली जातात. लेंड्यांचे खत जमिनीला मिळते आणि त्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पावसाच्या तोंडावर कळप पुन्हा घाट चढतात, कारण कोकणातला धो धो पाऊस आणि चिखल मेंढ्यांना मानवत नाही.

करून पाहा : महाराष्ट्राचा पर्जन्य नकाशा आणि पिकांचा नकाशा शेजारी ठेवा. भाताचे पट्टे कुठे संपतात आणि ज्वारी-बाजरी कुठे सुरू होते, ते स्वतः शोधा.