वेळ दुपारची, हातात थाळी

लाटणे मोर्चाचं नाव काढलं की हल्लीची मुलं गालात हसतात. लाटणं म्हटल्यावर त्यांना नवऱ्यामागे धावणारी व्यंगचित्रातली बायको आठवते. आम्ही ते घेतलं आवाजासाठी. थाळ्या एका तालात वाजू लागल्या की पोलिसांच्या शिट्ट्याही ऐकू येत नसत.

१९७२. महाराष्ट्रात दुष्काळ, रेशनला रांगा, गोडेतेल आणि रॉकेल मिळता मिळत नव्हतं. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी. पुरुष नेत्यांचं एरवी आपसात जमत नसे, पण या बायकांनी जमवलं.

मी तेव्हा विशीतली, गोरेगावची. आमची निघायची वेळ दुपारची, कारण सकाळी नळ आणि डबे, संध्याकाळी पुन्हा नळ आणि मुलं. जेवणाची भांडी आटोपली की थाळी पिशवीत टाकून लोकल गाठायची. शेजारच्या वहिनी स्वतःच्या माहेरची थाळी घरी ठेवून सासूबाईंचं नाव कोरलेली आणायच्या. पोचे पडायचे तर तिच्यावर पडू देत!

तेल-साखर स्वस्त करा, एवढीच मागणी. पोळ्या बाईनेच का लाटायच्या, हे कुणी विचारलं नाही. म्हणून तर घरून परवानगी मिळत होती, असं माझं मत. आणीबाणीत मोर्चे बंद पडले, मृणालताई तुरुंगात गेल्या. १९७७ला त्या आणि अहिल्याताई मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या.

मग मथुरा प्रकरण. चंद्रपूरकडची आदिवासी मुलगी, पोलीस ठाण्यात झालेला बलात्कार आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलेले दोन पोलीस. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ८ मार्च १९८० रोजी शहराशहरांत बायका रस्त्यावर आल्या. मी वहिनींना बोलवायला गेले. "तेलासाठी आले असते गं," त्या म्हणाल्या, "पण हे घरी काय सांगून येऊ?"

१९८३ला कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, की न्यायालयाने ते खरं धरायचं, अशी तरतूद आली. तोवर वहिनींची धाकटी जाऊ आमच्याबरोबर हुंडाविरोधी मोर्चांना येऊ लागली होती. ती घरी काय सांगून निघायची, ते मी विचारलं नाही.